डिस्कव्हरी ऑर्डरविरुद्ध इन्शुरन्स कंपनी वरच्या कोर्टात गेली, आता पुढे काय? (फ्लोरिडाचं सविस्तर, बाकी राज्यांचं धावतं)

आधी प्रश्न काय आहे ते दोन ओळीत सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. घर टॅम्पाच्या बाजूला, हिल्सबरो काउंटीत. ऑक्टोबर २०२४ च्या मिल्टन वादळात छप्पर गेलं, आत पाणी आलं. कंपनीने इंजिनिअर पाठवला, त्याने रिपोर्टात लिहिलं की छप्पर जुनंच होतं, झीज झालेली आहे, वाऱ्याने फक्त थोडे शिंगल उडालेत. म्हणजे जे काही मान्य केलं ते २ टक्के हरिकेन डिडक्टिबलच्या (नुकसानीतला जो हिस्सा घरमालकाने स्वतः सोसायचा) खालीच बसलं (साडेचार लाखांचं कव्हरेज धरलं तर २ टक्के म्हणजे ९ हजार डॉलर, त्याच्या आत नुकसान दाखवलं की चेक शून्याचा). केस टाकली. तुमच्या वकिलाने डिस्कव्हरीत (ट्रायलआधी समोरच्याकडून कागद आणि माहिती मागायचा टप्पा) चार गोष्टी मागितल्या: अडजस्टरच्या (कंपनीसाठी क्लेम तपासणारा माणूस) नोट्स आणि फोटो, कंपनीचं क्लेम मॅन्युअल, त्या इंजिनिअरला कंपनीने गेल्या तीन वर्षांत किती पैसे दिले त्याचा हिशोब, आणि या क्लेमवर रिझर्व्ह (क्लेमसाठी बाजूला धरलेली रक्कम) किती लावला होता ते. जजने सगळं द्या म्हणून ऑर्डर काढली. कंपनी आता सेकंड डिस्ट्रिक्ट कोर्ट ऑफ अपीलमध्ये गेलीय आणि तुम्ही विचारताय की अपील झालं म्हणजे आता केस दोन वर्षं लटकली का, आणि मिळालेली ऑर्डर हातची जाणार का.

मी फ्लोरिडात हेच वकिलीचं काम करतो, आधी बरीच वर्षं कंपन्यांकडून आणि आता पॉलिसीवाल्यांकडून, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खोड्या माहिती आहेत. थोडक्यात उत्तर हवं असेल तर: केस आपोआप थांबत नाही, इंजिनिअरचा हिशोब बहुतेक तुम्हाला मिळेल, फोटो मिळतील, नोट्सवर झगडा होईल, मॅन्युअल अडकण्याची शक्यता चांगलीच आहे आणि रिझर्व्हचा नाद आत्ताच सोडा. आता का ते सांगतो, थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे हे अपील नाहीच. तुम्हाला आलेल्या कागदावर बघा, "पिटिशन फॉर रिट ऑफ सर्शिओरारी" असं लिहिलेलं असणार. फ्लोरिडात केस चालू असताना मधल्याच ऑर्डरवर अपील करायचं तर अपेलेट रूल ९.१३० मध्ये एक यादी दिलीय, त्या यादीत तुमची ऑर्डर बसली तरच अपील, नाहीतर शेवटचं जजमेंट येईपर्यंत गप्प बसा. डिस्कव्हरी ऑर्डर त्या यादीत नाही. मग उरतो हा रिटचा रस्ता, जो मुळात अपवाद म्हणून ठेवलेला आहे. आपल्याकडच्या वकील मित्रांना पटकन कळावं म्हणून सांगतो, मुंबई हायकोर्टात खालच्या कोर्टाच्या मधल्या ऑर्डरवर कलम २२७ खाली जातात ना, साधारण त्याच जातीचं प्रकरण, आणि तिथे जसं हायकोर्ट सांगतं की आम्ही चूक सुधारायला बसलेलो नाही, खालच्या कोर्टाने हद्द ओलांडली का तेवढंच बघू, इथला सूर पण तोच.

आता इथे एक गोष्ट लोकांच्या डोक्यात नीट बसत नाही, कधी कधी वकिलांच्याही नाही. वरचं कोर्ट सगळ्यात आधी "जजची ऑर्डर बरोबर होती का" हा प्रश्न घेतच नाही. आधी बघतं की या ऑर्डरने असं नुकसान होणार आहे का जे शेवटच्या अपीलात भरून निघणार नाही. हे दाखवता आलं नाही तर पिटिशन तिथेच संपली, कारण हा भाग ज्युरिसडिक्शनचाच मानतात, ऑर्डर कितीही चुकीची असली तरी कोर्टाला हात घालायचा अधिकारच नाही. हे दाखवता आलं तर मग पुढचा प्रश्न, की जजने कायद्याच्या मूलभूत गरजा सोडून काही केलंय का. साधी चूक पुरत नाही, प्रस्थापित कायदा सरळ धुडकावलेला लागतो. म्हणजे दोन कुलपं आहेत आणि पहिलं जास्त घट्ट आहे.

डिस्कव्हरीत पहिलं कुलूप कधी उघडतं? यावर फ्लोरिडा सुप्रीम कोर्टाचं ऑलस्टेट विरुद्ध लँगस्टन, १९९५, हे आजही सगळे टाकतात. त्यात कोर्ट म्हणतं की प्रत्येक चुकीच्या डिस्कव्हरी ऑर्डरवर रिट मिळणार नाही, नुसतं "जास्त मागितलंय" किंवा "संबंध नाही" एवढ्याने भागत नाही. पण काही माहिती अशी असते की एकदा समोरच्याने वाचली की वाचली, नंतर अपील जिंकून ती त्याच्या डोक्यातून काढता येत नाही, तिथे नंतरचं अपील म्हणजे बैल गेला नि झोपा केला. याला इथले जज "कॅट आउट ऑफ द बॅग" (मांजर पोत्यातून सुटलं की सुटलं) मटेरियल म्हणतात आणि त्यात येतं काय तर वकील-अशिलाचा पत्रव्यवहार, केसच्या तयारीसाठी बनवलेले कागद म्हणजे वर्क प्रॉडक्ट, ट्रेड सीक्रेट, गुप्त खबऱ्याची ओळख. म्हणून इन्शुरन्स कंपनीची कुठलीही पिटिशन उघडून बघा, "हे फार बोजड आहे, खर्च येतो, हजारो पानं आहेत" हे रडगाणं मागे असतं आणि पहिल्या पानावर "प्रिव्हिलेज" (कागद न दाखवायचा कायदेशीर हक्क) असतं. कारण त्यांनाही माहीत आहे की बोजड म्हणून रिट मिळत नाही. त्यामुळे तुमच्या चार मागण्यांकडे आता याच चष्म्यातून बघा.

इंजिनिअरचा हिशोब. इथे तुमची बाजू सगळ्यात भक्कम. १९९९ च्या ऑलस्टेट विरुद्ध बोचर या निकालात फ्लोरिडा सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की तज्ज्ञ साक्षीदार आणि इन्शुरन्स कंपनी यांच्यातलं पैशाचं नातं विचारता येतं, कंपनीने त्याला किती वेळा बोलावलं, किती पैसे दिले, कारण ज्युरीला तो माणूस किती निष्पक्ष आहे हे ठरवायचं असतं. इथे त्या प्रश्नांना "बोचर इंटरॉगेटरीज" असंच म्हणतात, फॉर्म तयार असतात. कंपनी म्हणेल आमच्या सिस्टिममध्ये असा रिपोर्ट निघत नाही, हाताने शोधावं लागेल, वगैरे. म्हणू दे. यात मांजर नाही आणि पोतंही नाही. फक्त एक बघा, तो इंजिनिअर ट्रायलला साक्षीदार म्हणून येणार आहे हे कंपनीने कबूल केलंय का. नुसता क्लेमच्या वेळी रिपोर्ट देऊन गेलेला माणूस आणि ट्रायलला उभा राहणारा तज्ज्ञ यात फरक करायचा कंपन्या प्रयत्न करतात.

अडजस्टरच्या नोट्स आणि फोटो, खरी मजा इथे आहे. "क्लेम फाइल" म्हणून एक शब्द कंपन्या वापरतात आणि ती अख्खी फाइलच वर्क प्रॉडक्ट आहे असा थाट असतो. क्लेम फाइल नावाचं वेगळं प्रिव्हिलेज कायद्यात नाही. नियम १.२८० प्रमाणे संरक्षण आहे ते लिटिगेशनच्या अपेक्षेने बनवलेल्या कागदांना. आता इन्शुरन्स कंपनीचा धंदाच क्लेम तपासायचा आहे, मग रोजच्या धंद्यातली तपासणी कुठे संपली आणि कोर्टाची तयारी कुठे सुरू झाली, ही रेघ कागदाकागदावर मारावी लागते. समजा नोट्समध्ये पहिली एंट्री अशी आहे: "१४ ऑक्टोबर, घरमालकाशी फोन, मास्टर बेडरूमच्या सीलिंगला डाग, टार्प टाकलंय, इन्स्पेक्शन १९ ला ठरवलं." यात कसली आलीय कोर्टाची तयारी? मग तीन महिन्यांनी: "वकिलाचं पत्र आलं, फाइल लिटिगेशन अडजस्टरकडे दिली, आमच्या वकिलाशी बोलणं झालं, त्यांचं मत असं असं." ही एंट्री झाकलेलीच राहणार, आणि राहायला पण हवी. भांडण मधल्या पानांचं असतं, जिथे क्लेम अजून चालू आहे पण अडजस्टरला वास आलाय की हे प्रकरण कोर्टात जाणार.

याच ठिकाणी कंपन्यांचं एक दुसरं हत्यार आहे आणि ते तुमच्या वकिलाला माहीत असणारच. फ्लोरिडात स्वतःच्या कंपनीविरुद्ध बॅड फेथचा (क्लेम अप्रामाणिकपणे हाताळला असा) दावा आधी कव्हरेज आणि नुकसान ठरल्याशिवाय उभाच राहत नाही. प्रॉपर्टीच्या पॉलिसीत तर २०२२ पासून कलम ६२४.१५५१ आहे, कंपनीने करार मोडला असा कोर्टाचा निकाल आधी हातात असावा लागतो. म्हणून कंपनी म्हणते की आत्ताची केस फक्त "पैसे देणं लागतं का" एवढीच आहे, आम्ही क्लेम कसा हाताळला हा प्रश्नच नाही, मग फाइल कशाला? थर्ड डिस्ट्रिक्टने, म्हणजे मायामीच्या भागातल्या अपील कोर्टाने, १९९५ मध्ये स्टेट फार्म विरुद्ध व्हॅलिडो या निकालात हे मान्य करून फाइल आणि मॅन्युअल दोन्हीची ऑर्डर उडवली होती, आणि तो निकाल कंपन्या आजपर्यंत टाकतायत. आता बारकाईने बघितलं तर लँगस्टन म्हणतं की नुसता संबंध नसणं पुरत नाही, आणि फाइलच्या बाबतीत मात्र "अजून वेळ आली नाही" म्हणून रिट मिळते. हे दोन्ही एकत्र नीट बसत नाही असं माझं मत आहे, पण कोर्टं दोन्ही वापरतात, आणि कुठलं डिस्ट्रिक्ट आहे त्यावर सूर थोडा बदलतो. तुमच्या वकिलाने सेकंड डिस्ट्रिक्टचेच निकाल पुढे ठेवावेत. (२०२३ च्या १ जानेवारीपासून फ्लोरिडात पाचाची सहा अपील कोर्टं झाली, नकाशा बदलला, ऑरलँडो आता सिक्स्थमध्ये गेलंय, टॅम्पा सेकंडमध्येच राहिलंय. जुने निकाल वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं.)

मग करायचं काय? फाइल मागू नका, वस्तुस्थिती मागा. अडजस्टरने काढलेले फोटो, छपराची मापं, ओलाव्याची रीडिंग, तुमच्याशी झालेल्या फोनच्या नोंदी, इन्स्पेक्शनचा रिपोर्ट. फोटोंवर तर मला कंपनीचा हट्ट कधीच कळलेला नाही, कारण ते छप्पर आता बदललेलं आहे, तेव्हाची अवस्था दाखवणारे फोटो त्यांच्याकडेच आहेत, म्हणजे जरी वर्क प्रॉडक्ट मानलं तरी "आम्हाला गरज आहे आणि दुसरीकडून मिळू शकत नाही" ही अट इथे जवळजवळ आपोआप पूर्ण होते. वस्तुस्थितीच्या वर्क प्रॉडक्टला ही पळवाट आहे, वकिलाच्या मतांना आणि डावपेचांना नाही. तुमच्या वकिलाने छप्पर कधी बदललं त्याचं बिल आणि एक छोटं अ‍ॅफिडेव्हिट आधीच रेकॉर्डवर ठेवलंय का ते विचारा. ठेवलं नसेल तर वरच्या कोर्टात ते नव्याने घालता येणार नाही, तिथे खाली जे होतं तेवढंच जातं.

आणि प्रिव्हिलेज लॉग. तुमच्या निम्म्या आशा या एका कागदावर आहेत. कंपनी जेव्हा म्हणते की हे प्रिव्हिलेज्ड आहे तेव्हा तिने यादी द्यायची असते, कागद काय, तारीख काय, कोणी कोणाला लिहिला, कुठलं प्रिव्हिलेज. आणि येतं काय, तर "क्लेम नोट्स, पानं १ ते ४७, वर्क प्रॉडक्ट". बस. तारीख नाही, नाव नाही. असा लॉग बघितला की मी लगेच जजकडे मागतो की चांगला लॉग द्यायला सांगा आणि तुम्ही स्वतः इन कॅमेरा (समोरच्याला न दाखवता, एकट्याने) ती ४७ पानं वाचा. यातलं दुसरं फार महत्त्वाचं आहे. जजने पानं न बघताच "द्या" म्हटलं असेल तर ऑर्डर उडायची शक्यता खूप वाढते, कारण वरची कोर्टं सतत हेच म्हणत आलीयत की प्रिव्हिलेजचा दावा नीट उभा केलेला असेल तर आधी स्वतः बघा मग ठरवा. म्हणजे घाईत सगळं मिळवलेली ऑर्डर दिसायला छान पण वर टिकायला कच्ची असते. उलट जजने पानं वाचली, १ ते ३१ द्या, ३२ ते ४७ नको असं लिहिलं, कारण दोन ओळीत दिलं, तर ती ऑर्डर कंपनीच्या वकिलाला हलवता हलवत नाही. तुमच्या प्रश्नावरून वाटतंय की जजने सरसकट सगळं द्यायला सांगितलंय, हा मला यातला सगळ्यात कमकुवत दुवा दिसतो.

मॅन्युअल. कंपनी ट्रेड सीक्रेट म्हणणार. एव्हिडन्स कोडचं कलम ९०.५०६ आहे, त्यात जजने आधी बघायचं की हे खरंच ट्रेड सीक्रेट आहे का, मग मागणाऱ्याची गरज बघायची, मग द्यायचं ठरलं तर कॉन्फिडेन्शियल ऑर्डर कशी लावायची ते बघायचं, आणि ऑर्डरमध्ये हे लिहायचं. हे लिहिलेलं नसेल तर मॅन्युअलपुरती ऑर्डर जाईल. शिवाय वर सांगितलेलं "वेळ आली नाही" हेही मॅन्युअलला फाइलपेक्षा जास्त लागू पडतं. कव्हरेजच्या केसमध्ये मॅन्युअलचा उपयोग तसाही फारसा नसतो, पॉलिसीचा अर्थ पॉलिसीच्या शब्दांवरून लागतो.

रिझर्व्ह म्हणजे कंपनीने स्वतःच्या वहीत या क्लेमसाठी बाजूला धरलेली रक्कम. सगळ्या घरमालकांना वाटतं की हा आकडा मिळाला की जिंकलो, बघा यांनी स्वतःच ४० हजार धरले होते. कव्हरेजच्या केसमध्ये हे जवळजवळ नेहमी उडतं. नंतर बॅड फेथची केस झाली तर चित्र पालटतं, २००५ च्या ऑलस्टेट विरुद्ध रुइझ या निकालाने त्या केसमध्ये क्लेम फाइल बऱ्यापैकी उघडी केली, मूळ भांडण मिटेपर्यंतची. (वकील-अशिलाचा पत्रव्यवहार तेव्हाही झाकलेलाच, ते २०११ च्या जेनोव्हीज निकालात स्पष्ट झालं.) म्हणून आत्ता रिझर्व्हची मागणी स्वतःहून मागे घ्या. यात कमीपणा काही नाही. वरच्या कोर्टापुढे जाताना हातात एक हावरट दिसणारी मागणी असली की बाकीच्या तीन मागण्यांचा पण रंग बिघडतो.

आता प्रक्रियेचं. ऑर्डर सहीशिक्का होऊन क्लार्ककडे फाइल झाल्यापासून ३० दिवसात पिटिशन गेली पाहिजे, रूल ९.१००. ही मुदत वाढत नाही. आणि इथे बरेच जण आपटतात: खालच्या कोर्टात "पुनर्विचार करा" म्हणून मोशन टाकलं तरी मधल्या ऑर्डरवर ते ३० दिवस थांबत नाहीत. कंपनीने आधी पुनर्विचार मागितला, तो फेटाळल्यावर मग वर गेली, असं झालं असेल तर तारखा मोजा, आकडा ३० च्या पुढे गेला तर पिटिशन तिथेच खलास.

केस थांबते का? सर्शिओरारीच्या पिटिशनने आपोआप स्टे लागत नाही. कंपनीला आधी खालच्या जजकडेच स्टे मागावा लागतो, नाही दिला तर वर. प्रिव्हिलेजचा मुद्दा असेल तर जज बहुतेक वेळा त्या कागदांपुरता स्टे देतात, कारण नाही दिला तर पिटिशनला अर्थच उरत नाही. पण तेवढ्यापुरताच. बाकी डिपॉझिशन (ट्रायलआधी शपथेवर घेतलेली जबानी), तुमच्या बाजूच्या रूफरचा रिपोर्ट, मीडिएशन, हे चालू ठेवता येतं आणि चालू ठेवाच. कंपनीचा वकील अशा वेळी ईमेल टाकतो की "वर प्रकरण आहे तर सगळंच थांबवूया", गोड भाषेत असतं, होकार देऊ नका. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने नव्या प्रॉपर्टी पॉलिसींना हरलेल्या कंपनीने वकिलाची फी द्यायची ही जुनी सोय काढून टाकली, तुमची पॉलिसी २०२४ ची म्हणजे त्यानंतरचीच, त्यामुळे लांबणीचा खर्च आता कंपनीला पूर्वीसारखा बोचत नाही. काही पिटिशन खऱ्या असतात, काही निव्वळ वेळकाढू असतात, हे मी दोन्हीकडून बघितलेलं आहे.

वर काय होतं तर तीन जज आधी पिटिशन आणि सोबतचं अपेंडिक्स वाचतात. त्यांना त्यात प्रथमदर्शनी काही दिसलं नाही तर एका ओळीत "डिनाइड". तुम्हाला उत्तर द्यायची गरजही पडत नाही, कोर्टाने मागितल्याशिवाय उत्तर द्यायचंच नसतं. म्हणून पिटिशन आली म्हणून घाबरून वकिलाला रात्रभर लिहायला बसवू नका. कोर्टाने शो कॉज काढला, म्हणजे तुमचं म्हणणं मांडा म्हटलं, तर मग समजायचं की त्यांना काहीतरी खटकलंय, आणि तिथून महिने धरून चाला. आणि एक, "डिनाइड" एवढंच आलं तर ऑर्डर बरोबर होती असा शिक्का बसत नाही, कंपनी शेवटच्या अपीलात तोच मुद्दा परत काढू शकते. तेव्हा मात्र त्यांना दाखवावं लागतं की या चुकीने निकालावर परिणाम झाला, जे अवघड असतं.

समजा कंपनी जिंकली. तरी वरचं कोर्ट फक्त ऑर्डर रद्द करू शकतं, पूर्ण किंवा काही भाग. "असं असं करा" अशी नवी ऑर्डर ते स्वतः लिहून देत नाही. प्रकरण परत तुमच्याच जजकडे येतं आणि तुम्ही पुन्हा मागू शकता, यावेळी नीट, लॉगसकट, इन कॅमेरासकट. बऱ्याच वेळा निकालातच वाटेची खूण असते, जज लिहितात की पानं न बघता ऑर्डर दिली म्हणून रद्द करतोय. म्हणजे पानं बघितली की झालं. त्यामुळे रद्द झाली म्हणजे केस हरलो असं अजिबात नाही.

उलटं झालं असतं तर? म्हणजे जजने तुमची मागणीच नाकारली असती तर? तेव्हा तुम्हाला रिट मिळवणं अजून कठीण. न मिळालेला कागद शेवटच्या अपीलानंतर पण मिळू शकतो, नवीन ट्रायल मिळू शकते, असं धरतात. अपवाद एवढाच की नकारामुळे तुमचा दावा किंवा बचावच आतून पोकळ होत असेल. मुख्य साक्षीदाराचं डिपॉझिशनच घेऊ दिलं नाही, अशा जातीचं. हा तोल कंपनीच्या बाजूने झुकलेला आहे, आणि तो मुद्दाम कोणी केलेला नाही, गुपित उघड होण्याची भीती एकाच बाजूला असते म्हणून तसं होतं. तसंच, मोठ्या साहेबाला डिपॉझिशनला ओढायचा विचार असेल तर २०२१ पासून नियमातच संरक्षण आलंय वरच्या पदावरच्या लोकांना, आधी खालच्या माणसांकडून माहिती घ्या असं.

आता बाकीच्या राज्यांतल्या आपल्या लोकांसाठी थोडं, कारण हे सगळं राज्याराज्यात बदलतं. टेक्सासमध्ये रस्ता मँडमसचा (खालच्या जजला हुकूम देणारी रिट) आहे आणि तिथे कंपनीला "जास्त मागितलंय" या मुद्द्यावर सुद्धा वर जिंकता येतं, जे फ्लोरिडात चालत नाही. इन रे नॅशनल लॉइड्स, २०१४, टेक्सास सुप्रीम कोर्ट: एका घरमालकिणीने वादळाच्या नुकसानीच्या केसमध्ये त्याच गावातल्या दुसऱ्या घरांचे क्लेम मागितले, तुलना करायला, की शेजाऱ्यांना किती दिले. कोर्ट म्हणालं शेजारच्या छपराला किती दिले यावरून तुझ्या छपराला कमी दिले हे सिद्ध होत नाही, ऑर्डर रद्द. डॅलसवाल्यांनी शेजाऱ्याचा क्लेम घेऊन वकिलाकडे जायच्या आधी हे वाचावं. न्यूयॉर्क एकदम दुसऱ्या टोकाला, तिथे मोशनवर झालेल्या डिस्कव्हरी ऑर्डरवर बऱ्याचदा सरळ हक्काचं अपील होतं आणि अपेलेट डिव्हिजन (तिथलं अपील कोर्ट) स्वतः त्यात दुरुस्त्या पण करतं. न्यू जर्सीत आधी परवानगी मागावी लागते आणि ती सहज मिळत नाही.

आणि केस फेडरल कोर्टात गेली असेल (कंपनी दुसऱ्या राज्याची आणि रक्कम ७५ हजार डॉलरच्या वर असेल तर ती नेऊ शकते, फ्लोरिडातल्या बऱ्याच घराच्या इन्शुरन्स कंपन्या इथल्याच असल्यामुळे तसं कमी होतं) तर दार जवळजवळ बंदच. मोहॉक विरुद्ध कार्पेंटर, डिसेंबर २००९, न्यायमूर्ती सोटोमायर यांचा सुप्रीम कोर्टातला पहिला निकाल. वकील-अशिलाचा पत्रव्यवहार द्या म्हटलं तरी लगेच अपील नाही, शेवटच्या निकालानंतर या. तोपर्यंत मँडमस मागा, नाहीतर डिस्ट्रिक्ट जजकडून खास परवानगी घ्या, नाहीतर कागद देऊ नका, कंटेम्प्ट ओढवून घ्या आणि त्यावर अपील करा, हे शेवटचं ऐकायला शूर वाटतं पण कुठलीही इन्शुरन्स कंपनी सहसा करत नाही. मॅजिस्ट्रेट जजची (डिस्ट्रिक्ट जजच्या हाताखालचा जज) ऑर्डर असेल तर १४ दिवसात डिस्ट्रिक्ट जजकडे हरकत नोंदवता येते, तेवढाच खरा उपाय. तिकडे कागद आधी उघड होतात, अपील नंतर होतं आणि आभाळ कोसळत नाही, हे बघून फ्लोरिडाचा एवढा हळवेपणा मला थोडा जास्तच वाटतो, पण माझ्या वाटण्याने नियम बदलत नाही.

तुमच्या वकिलाला या आठवड्यात विचारायच्या गोष्टी. पिटिशनबरोबर त्या सुनावणीचा ट्रान्सक्रिप्ट जोडलाय का, कारण कंपनीने खाली जो आक्षेप घेतलाच नाही तो वर पहिल्यांदा घेता येत नाही आणि ट्रान्सक्रिप्ट नसेल तर आक्षेप घेतला होता हे दाखवणं त्यांनाच जड जातं. लॉग दिला होता का, कधी, सुनावणीच्या आधी की नंतर. स्टे मागितलाय का आणि तो फक्त कागदांपुरता आहे की सगळ्यावर. आणि रिझर्व्ह सोडून, मॅन्युअल बाजूला ठेवून, फोटो आणि पहिल्या दोन महिन्यांच्या नोट्स एवढ्यावर कंपनीचा वकील तयार होतो का, कारण पिटिशन टाकल्यानंतरही असं तोडपाणी होतं, त्यांच्या वकिलालाही वरच्या कोर्टात उगाच वाईट निकाल पाडून घ्यायचा नसतो. (माझ्यापुढे तुमचे कागद नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या वकिलाचा.)